पाकळीच्या पाठीवरची लव

१२ डिसेंबर

आज पहिल्यांदा माझ्या सहीने एका झाडाची ओळख कागदावर गेली.

तीन महिने मी या नर्सरीत नुसते कुंड्यांना नंबर देतेय. बी. एस्सी. बॉटनी झाले, आमच्या घरातली पहिली पदवी, भंडाऱ्याहून दोह्याला आले आणि काम काय, तर कुठलं झाड कुठल्या कंटेनरमधून आलं, कुठल्या रांगेत लागलं आणि कुठल्या साइटवर गेलं ते रजिस्टरमध्ये लिहायचं. आज हर्षल सर स्वतः ऑलिव्हच्या रांगेत आले. नोव्हेंबरात स्पेनहून आलेली ही झाडं, मुळांचा मातीसकट गोळा गोणपाटात बांधून आलेली. त्यांच्या बुंध्याशी कोवळी रोपं उगवलीत. सरांनी विचारलं, “मिस मेश्राम, हे काय आहे, ओळखता येईल?”

मी वाकून बघितलं. दोन-दोन अरुंद पानं, टोकाला बारीक दोऱ्यासारखा ताणा. लाखोरी. आमच्याकडे धान कापला की त्याच ओलीवर पेरतात ते कडधान्य. मी तसं म्हणाले. सर म्हणाले, “वा. आणि इथे कसं आलं असेल?” मी म्हणाले, कुणीतरी खायला दाणे आणले असतील, ते सांडले असतील. “मग तेही लिहा. नोंद पूर्ण हवी.” मी लिहिलं: संभाव्य उगम, भारत; कुणीतरी आणलेले दाणे सांडून. खाली सही.

सर पुण्याचे, क्वालिटी मॅनेजर. आजूबाजूला कुणी नसलं की माझ्याशी मराठीत बोलतात. परक्या मुलखात हे फार वाटतं.

संपतभाऊ माळ्यांनी तीन रोपं मुळासकट उपटून दिली, ती वर्तमानपत्रात दाबून ठेवली. कॉलेजात गार्गी मॅडम सांगायच्या, वाळवलेल्या नमुन्यावर ओळखीची चिठ्ठी एकदा चिकटवली की काढायची नाही. चूक निघाली तर शेजारी दुसरी लावायची, नाव-तारखेसह, पण पहिली तशीच राहू द्यायची. मी चिठ्ठी पेनानेच लिहिली.

२१ डिसेंबर

संपतभाऊंनी मेथीची जुडी दिली. ते इथले जुने माळी, सांगलीकडच्या जत तालुक्यातले, अकरा वर्षं इथे आहेत. राहायला इंडस्ट्रियल एरियातल्या कामगार कॅम्पात, येणंजाणं कंपनीच्या बसने. नर्सरीच्या मागे फुटक्या टबांमध्ये त्यांनी मेथी आणि कोथिंबीर लावलीय. बी कुठलं, तर किराणा दुकानातले मेथीदाणे आणि धणे. सगळं ऑफिस ती भाजी खातं. हर्षल सरांच्या घरी तर दर गुरुवारी दोन जुड्या जातात.

आज बघते तर ऑलिव्हखालची दोन रोपं त्यांनी उपटून आपल्या टबात लावलेली.

“भाऊ, तण का लावलंत?”

“तण कसलं ताई. शेंगेचं हाय. आमच्यात शेंगेचं रोप फेकत न्हाईत, जमिनीला खायला घालतंय ते. मेथी बगा आता कशी येती.”

मला हसू आलं, पण म्हणणं खरं आहे. शिंबावंत वनस्पतींच्या मुळांवर गाठी असतात. त्यांनी ते पुस्तकात वाचलेलं नाही, इतकंच.

९ जानेवारी

इन्स्पेक्शन झालं. सरकारच्या वनस्पती तपासणीच्या उजमा मॅडम आल्या होत्या, कमी बोलणाऱ्या. ऑलिव्हखालची रोपं त्यांनी वाकून पाहिली, फोटो घेतले आणि विचारलं, ही बाहेरून मातीबरोबर आली का? तसं असेल तर सगळी झाडं सील होतील. कंपनीने लेखी खुलासा द्यायचा आहे.

सर अजिबात घाबरले नाहीत. मला म्हणाले, “आपल्याकडे तुमची नोंद आहे ना.” केवढा विश्वास. दुपारीच त्यांनी रांगेतलं सगळं तण उपटून घेतलं आणि बुंध्यांवर नव्या मातीचा थर टाकायला लावला. इतकी तत्परता मी कुणात पाहिली नाही.

२३ जानेवारी

संताप होतोय. नीट लिहिताही येत नाहीये.

संपतभाऊंना ऑफिसात बोलावलं. म्हणे, त्यांनी गावाहून चोरून बी आणलं, नर्सरीत पेरलं आणि तेच ऑलिव्हच्या कुंड्यांत पसरलं. पुरावा काय, तर त्यांच्या टबात तीच दोन रोपं सापडली. टबाचे फोटो काढले, मेथीसकट सगळं उचलून कचऱ्यात टाकलं. त्यांना मार्चअखेर घरी पाठवणार. पत्रात नियमभंग लिहिणार, म्हणजे दुसरी कंपनीही दारात उभं करणार नाही. त्यांची धाकटी यंदा दहावीला आहे.

ज्यांनी अकरा वर्षं ती मेथी खाल्ली, त्यांतला एकही तोंड उघडत नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणीतरी त्यांच्याविरुद्ध लेखी दिलंय. भाऊंनीच सांगितलं. मी विचारलं, कुणी? ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या ताई.” केवढं मोठं मन. मी खोलीवर आल्यावर स्टेफीला म्हणाले, एका गरीब माणसाच्या पोटावर पाय द्यायला सही करताना त्या माणसाचा हात कसा कापला नाही?

स्टेफी माझी रूममेट. वसईची, हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात काम करते, दिवसभर दुसऱ्यांचे कागद बघते. कपड्यांच्या घड्या घालत तिने विचारलं, “लेखी काय दिलंय, वाचलंस तू?”

“मला कोण दाखवणार?”

“तुमच्या ऑफिसात झाडाचं लेखी देणारे किती जण आहेत गं, बॉटनीबाई?”

तिला यातलं काही कळत नाही. मी विषय बदलला.

२६ जानेवारी

सरांकडे जाऊन भांडले. म्हणाले, तो कागद दाखवा, मला त्या माणसाचं नाव हवं आहे. सरांनी शांतपणे फाइल माझ्याकडे फिरवली.

माझं अक्षर. माझी सही. १२ डिसेंबर.

२७ जानेवारी

आज कामावर गेले नाही.

मी लाखोरी म्हणाले होते. संपतभाऊंचं नाव लिहिलं नव्हतं. ‘कुणीतरी’ लिहिलं होतं. त्या ‘कुणीतरी’च्या जागी कंपनीला हवा तो माणूस उभा करता येतो हे मला कळायला हवं होतं. सरांनी विचारलं, कसं आलं असेल, आणि मी पाहिलेलं नसताना उत्तर दिलं, कारण मला कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं.

पण ओळख तर खरी होती. लाखोरी आहे तर आहे. मग मी तरी काय करायचं होतं?

२ फेब्रुवारी

आईला व्हिडिओ कॉल केला. सगळं सांगायचं नव्हतं. फाइलमधल्या टबाच्या फोटोचा मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, तो पाठवला आणि म्हणाले, बघ, इथेही आपली लाखोरी.

आईने फोन डोळ्यांजवळ धरला. “हे कायची लाखोरी वो? लाखोरीची पाती गवतावानी रायते. इथं तं एका काडीले दहा-बारा बारीक पानं हायेत. दांडा बी चपटा नाई.”

“आई, लहान होतं तेव्हा दोनच पानं होती.”

“लहान होतं तवा सारेच एकावानी दिसतेत, बबे. तू बी लहानपनी तुया भावावानीच दिसे. वाट पायची ना थोडी.”

चौथी शिकलेल्या आईला जे एका नजरेत दिसलं ते मला दिसलं नाही. दिसलं नाही, की मी बघितलं नाही? डिसेंबरात मला त्या मातीत आमचं शेत हवं होतं, म्हणून मी ते तिथे पाहिलं.

दहा-बारा पर्णिका, टोकाला फाटे फुटलेला ताणा. हे व्हेच. मसूर-वाटाण्याच्या नात्यातलं रानटी रोप. लाखोरी नव्हेच.

५ फेब्रुवारी

सरांना सांगितलं. ते हसले. “बरं, लाखोरी नाही, व्हेच. पण व्हेच भारतातही गव्हात उगवतं ना? मग फरक काय पडला?”

फरक हा पडतो की व्हेच एक नाही, शंभराहून जास्त आहेत. भारतात गव्हात उगवणारं वेगळं, भूमध्य समुद्राकाठचं वेगळं. कुठलं, हे ठरवायला फूल लागतं. आणि फूल येण्याआधीच सरांनी सगळं उपटलं. ‘तत्परता’ असा शब्द मी वापरला होता. मागचं पान फाडून टाकावंसं वाटलं, पण फाडलं नाही.

११ फेब्रुवारी

माझं कंटाळवाणं रजिस्टर. आज तेच उघडून बसले.

स्पेनहून झाडं आली पन्नास. नर्सरीत लागली अडतीस. उरलेली बारा बंदरावरून थेट द पर्ल या समुद्रकाठच्या श्रीमंत वस्तीत गेली, एका इमारतीच्या चौकात. माझ्याच अक्षरात, नंबरांसकट. ती बारा झाडं नर्सरीत आलीच नाहीत. संपतभाऊ आयुष्यात कधी द पर्लला गेलेले नाहीत. कंपनीची बस तिकडे जात नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

स्टेफीची चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपली आणि आम्ही टॅक्सीने द पर्लला गेलो. ती म्हणाली, “व्हॅलेंटाइनच्या दिवशी लोक इथे जेवायला येतात आणि मी एका मुलीबरोबर तण शोधायला आलेय. मम्मीला सांगू नकोस.”

चौक सापडला. बारा ऑलिव्ह, चकचकीत कुंड्यांत. इथे कुणी नवी माती टाकली नव्हती. चौथ्या झाडाशी गुडघ्यावर बसले आणि दिसलं: गोणपाटाच्या विणीतून, आतून बाहेर आलेला एक दांडा. त्याला फूल आलं होतं. फिकट पिवळं, एकटंच, देठ जवळजवळ नाहीच.

लाखोरीचं फूल निळं असतं.

सिक्युरिटी गार्ड धावत आला. “मॅडम, फूल तोड़ना मना है.”

स्टेफी म्हणाली, “भैया, ये फूल नहीं है, ये कचरा है. आपका ही काम कर रहे हैं.”

त्याने फुलाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. “तो जल्दी कीजिए.”

मी आधी सगळ्याचे फोटो घेतले, झाडाच्या नंबराच्या पट्टीसकट. पाच झाडांखाली तेच होतं. दोन फांद्या घेतल्या.

खोलीवर आलो. भूमध्य प्रदेशातल्या वनस्पतींची ओळख-किल्ली नेटवर आहे, दर पायरीला एक प्रश्न विचारते. फुलं झुपक्यात की एकेकटी? एकेकटी. पिवळी की जांभळी? पिवळी. शेवटी दोनच नावं उरली. एक व्हिसिया लुटिया, दुसरं व्हिसिया हायब्रिडा. दोन्ही पिवळी, दोन्हींच्या शेंगा केसाळ. मोठा फरक एका जागी: वरची जी सगळ्यात मोठी पाकळी, ध्वज म्हणतात ती, तिची पाठ. लुटियाची गुळगुळीत. हायब्रिडाच्या पाठीवर लव.

कॉलेजातलं भिंग काढलं. या वेळी उत्तर मनात धरायचं नाही, असं ठरवलं. स्टेफीला काही न सांगता भिंग दिलं आणि विचारलं, काय दिसतं?

“खालून की वरून?”

“पाठीवर.”

ती बराच वेळ बघत राहिली. “बाळाच्या मानेवर असतात ना, तसे केस आहेत.”

मग मी पाहिलं. दुसऱ्या फुलावरही होते. पर्णिकांच्या टोकाला खाच होती, टबाच्या फोटोतल्यासारखीच, तीही जुळली. व्हिसिया हायब्रिडा. स्पेनपासून तुर्कस्तानपर्यंत ऑलिव्हच्या बागांखाली उगवणारं. ते कुणाच्या खिशातून आलं नाही. झाडाबरोबर, झाडाच्याच मातीत आलं.

१७ फेब्रुवारी

सरांनी सगळं ऐकून घेतलं, फोटो पाहिले. आश्चर्य मात्र वाटलेलं दिसलं नाही. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. इतक्या दिवसांत हे वाक्य मी पहिल्यांदा लिहितेय.

मग उठून दार लावलं आणि मराठीत बोलायला लागले.

“बबीता, तू हुशार आहेस. पन्नास झाडं सील झाली तर काय होईल माहीत आहे? प्रोजेक्ट जाईल. एक माळी घरी गेला तर दुसरा येतो. संपतलाही अकरा वर्षं झालीत, घरच्यांकडे जाईल.”

“त्यांनी मागितलंय का घरी जायला?”

“आणि तुझं प्रोबेशन पंधरा मार्चला संपतंय. मी चांगली शिफारस लिहून ठेवलीय.” थोडं थांबून म्हणाले, “दुसरं असं की तूच डिसेंबरात एक लिहिलंस, आता दुसरं लिहिणार. ज्याच्या दोन नोंदी एकमेकींविरुद्ध असतात, त्याची कुठलीच कुणी धरत नाही. आपली माणसं म्हणून सांगतोय.”

आपली माणसं. संपतभाऊ मग कुणाचे?

१९ फेब्रुवारी

पण शेवटचं वाक्य डोक्यातून जात नाही. कोण धरेल माझं? एकदा छातीठोकपणे चुकलेली मुलगी पुन्हा छातीठोकपणे सांगतेय. घरी फोन केला की बाबा शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, “आमच्या बबीताले कंपनीनं झाडं ओळखाले ठेवलं हाय.” त्यांना काय सांगू, की पहिलंच चुकीचं ओळखलं आणि त्यावर एक माणूस चाललाय?

२० फेब्रुवारी

सुटल्यावर बसच्या रांगेत संपतभाऊंना गाठलं. म्हणाले, भाऊ, तो कागद माझा होता.

“ठाव हाय.”

“कधीपासून?”

“त्याच दिवशी. सायबांनी वाचून दावला की. तुमचं नाव बी वाचलं.”

“आणि तुम्ही मला काहीच बोलला नाहीत? मी तुमच्यासमोर त्या माणसाला शिव्या घालत होते.”

“घालत हुता खऱ्या.” ते हसले. “सगळ्या नर्सरीत माझ्यासाठी भांडणारं येकच मानूस हुतं. त्याला म्हनू, गप बसा, तुमीच केलंय? मग माझ्यासाठी कोन भांडलं असतं?”

बस आली. पायरीवर चढता चढता म्हणाले, “शेंगेचंच हुतं का न्हाई ते, एवढं सांगा.”

“शेंगेचंच होतं.”

“मग मी बी खोटं बोललो न्हाई.”

२३ फेब्रुवारी

अर्धा दिवस रजा घेतली आणि उजमा मॅडमच्या कार्यालयात गेले. बरोबर रजिस्टरच्या पानांच्या प्रती, फोटो, दाबलेली रोपं, द पर्लच्या फांद्या आणि एक पानाचं निवेदन. त्याचं पहिलं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले: १२ डिसेंबर रोजी मी दिलेली ओळख चुकीची होती, आणि त्यात लिहिलेला उगम मी पाहिलेला नव्हता, अंदाजाने लिहिला होता.

उजमा मॅडमनी वाचलं. “पहले वाला किसने लिखा था?”

“मैंने.”

“और ये?”

“ये भी मैंने.”

“तो मैं किसको मानूँ?”

मी भिंग पुढे केलं. “मुझे मत मानिए. पंखुड़ी की पीठ देखिए.”

त्यांनी पाहिलं. दुसरं फूल मागितलं, तेही पाहिलं. मग डिसेंबरची रोपं उलटसुलट केली, त्यावरची माझी लाखोरीची चिठ्ठी वाचली आणि विचारलं, “ये ग़लत वाली निकाली क्यों नहीं?” मी म्हणाले, काढत नाहीत. त्यांनी मान हलवली. आनंदाने की नुसतीच, कळलं नाही. “मैं ख़ुद पर्ल जाऊँगी,” म्हणाल्या.

६ मार्च

रमजान सुरू झाल्याने दुपारी लवकर सुटतो. आज सुटायच्या वेळी दोन मेल आले.

एक संपतभाऊंच्या नावाने: दिनांक २३ जानेवारीचे पत्र विचारात घेऊ नये. बस, इतकंच. माणसाला चोर म्हटलं, सहा आठवडे झोप उडवली, टब फेकले, आणि आता विचारात घेऊ नये. क्षमा हा शब्द इंग्रजीत एवढा सोपा आहे, रोज शंभरदा म्हणतात लिफ्टमध्ये धक्का लागला तरी. तो इथे एकदा लिहायला कुणाचा हात पुढे आला नाही. पन्नासही झाडं सील झालीत. त्याबद्दलच्या कालच्या मेलमध्ये मात्र ‘पुरवठादाराची चूक’ असं लगेच लिहून टाकलंय.

दुसरा मेल माझ्या नावाने. दस्तऐवजातील गंभीर चुकीमुळे प्रोबेशनपुढे सेवा कायम करता येत नाही. चूक केली तेव्हा शाबासकी दिली होती. दुरुस्त केली तेव्हा ती गंभीर झाली.

भाऊ आत जाऊन म्हणाले, मला नवं पत्र देऊ नका, ताईंना ठेवा. सर म्हणाले, हा तुझा विषय नाही. हे मला त्यांनी नाही, चहावाल्याने सांगितलं.

१३ मार्च

आज सामान भरलं. आई म्हणाली, “ये परत. लाखोरी काढाचीच हाय, ओळखता येते का पाहू.” मला हसू आलं आणि मग रडूही.

शेवटचं काम राहिलं होतं. द पर्लच्या फांद्या उजमा मॅडमकडे आहेत. माझ्याजवळ डिसेंबरची रोपं. ती जाड कागदावर शिवून घेतली. स्टेफीने सुईत दोरा ओवून दिला आणि म्हणाली, “आमच्या हॉस्पिटलात पण असंच करतात. चुकीचं खोडायचं नाही, शेजारी लिहून सही करायची. पण त्यात कुणी नोकरी घालवत नाही, वेडे.”

नमुना कुणी गोळा केला, अशी एक ओळ असते. डिसेंबरात तिथे मी माझं नाव लिहिणार होते, ती रिकामीच राहिली होती. आज नर्सरीत भाऊंना विचारलं, तुमचं पूर्ण नाव काय?

“कशाला? आदीच येकदा कागदावर आलंय.”

“म्हणूनच.”

ते जरा घुटमळले. मग वडिलांच्या नावासकट सावकाश सांगितलं आणि मी लिहीत असताना कागदाकडे बघत राहिले. मागे दुसऱ्या एका फुटक्या टबात पुन्हा मेथी उगवलेली होती, दोन पानांवर.

आता पहिल्या चिठ्ठीशेजारी दुसरी चिकटवली आहे. डिंक वाळतोय.

लाखोरी. ओळख: बबीता मेश्राम, १२ डिसेंबर.

व्हिसिया हायब्रिडा. ओळख: बबीता मेश्राम, १४ फेब्रुवारी. गोळा करणारे: संपत शहाजी कोळेकर, माळी.